थोरलीचा खिळा

७ सप्टेंबर

ताई,

सुखरूप पोहोचले. फोन सोडून पत्र कसलं लिहितेय म्हणाल, तर इथे गेटवरच फोन काढून घेतात आणि रविवारी तासाभरासाठी परत देतात. पाच कंपन्यांनी मिळून हे शिकवणीचं केंद्र काढलंय, आणि पाचही कंपन्या एरवी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायला टपलेल्या. एकत्र शिका, पण फोटो काढू नका, असा मामला आहे. रविवारचा तास ह्यांच्याशी बोलण्यात जाणार. शिवाय आपल्या घरात फोनवर एक बोलतो नि चार ऐकतात. तुमच्याशी बोलायचं ते कागदावरच बरं.

खोलीत माझ्याबरोबर होड्यांच्या कारखान्यातली एक बाई आहे. तिला सगळे बोटवाली म्हणतात, मला एक्स-रेवाली. आपण एक्स-रे टेबलांचे काळे तक्ते करतो म्हटल्यावर तिने विचारलं, "म्हणजे पेशंट झोपतो तेच?" तेच, म्हटलं. मग ती माझ्याशी जरा आदराने बोलायला लागली. खिडकीतून मागचं अंगण दिसतं. तिथे फुटके साचे आणि अर्धी होडी पडलेली आहे.

सर चष्मा कपाळावर चढवतात आणि मग टेबलभर चष्मा शोधत बसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी कार्बनचं कापड हातात दिलं. राळ आधीच पाजलेलं कापड, म्हणून ते शीतघरात ठेवायचं, आणि बाहेर काढलं की पिशवी लगेच फोडायची नाही, कापड खोलीइतकं उबदार होऊ द्यायचं. हे सांगायला सरांना अर्धा तास लागला. तुम्ही मला सहा वर्षांपूर्वी हातावर एक चापट मारून अर्ध्या मिनिटात शिकवलं होतं. मला हसू फुटलं. सरांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, घरची आठवण आली.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं औषध वरच्या फळीवर आहे. त्यांना म्हणावं, धाकट्या सुनेशिवाय तीन महिने तरी कळ काढा.

तुमची,
धाकटी

१३ सप्टेंबर

धाकटीस,

पत्र मिळालं. औषध वरच्या फळीवर नव्हतं, खालच्या खणात होतं.

तिथे सगळं छान आहे हे वाचून आनंद झाला. म्हणजे व्हायलाच हवा. सतरा वर्षं मी तीन नंबरच्या टेबलावर उभी आहे. तू या घरात धाकटी सून म्हणून आलीस, तेव्हा हाताला धरून तुला त्या टेबलापाशी मीच आणलं. आणि कंपनीने कुणाला तरी शिकायला पाठवायची वेळ आली, तेव्हा माझं नाव कुणाच्या तोंडात आलं नाही. साहेबांनी तुला आधी केबिनमध्ये बोलावलं होतं म्हणे. काय बोलणं झालं ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. तीन महिन्यांनी तू परत येशील, खिशाला प्रशिक्षकाचा बिल्ला लावशील आणि कापड कसं उघडायचं ते मला शिकवशील. मी शिकेन. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही आपल्या कंपनीची जुनीच रीत आहे.

मी जळतेय असं मात्र समजू नकोस. (हे वाक्य लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. राहू दे.)

तुझ्या जागी पॅकिंगमधल्या मावशींना दिलंय. त्या रोलर असा फिरवतात की थरांमधली हवा निघायची सोडून साच्यालाच झोप यावी. सोमवारी त्यांनी शिंक दिली आणि तयार तुकडा वाया गेला. मी काही बोलले नाही. शिकवायला आता माणूस येणारच आहे.

भाऊजी वेळेवर जेवतात. सासूबाई तुझी आठवण काढत नाहीत. काल एवढंच म्हणाल्या, की घर जरा शांत वाटतं.

थोरली

२१ सप्टेंबर

ताई,

तुमचं पत्र बोटवालीला वाचून दाखवलं. शिंकेपाशी ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतून भिंत ठोकली. बाकीचं नाही वाचलं. तुम्ही माझ्यावर रागावलात हे कळायला मला चष्मा लागत नाही, ताई. केबिनमध्ये काय झालं ते समोर बसून सांगेन, पत्रात नको.

आता एक बातमी. सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं, तुमच्या कारखान्यातली अशी एक सवय सांगा जी कुठल्या पुस्तकात नाही. बोटवाली म्हणाली, ती होडीचा तळ नाण्याने वाजवून ऐकते, पोकळ असेल तिथे आवाज बसका येतो. माझी पाळी आली तेव्हा मी आपला खिळा सांगितला. कापडाच्या एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला पारदर्शक फिल्म. कागद जाड, तो कुणी विसरत नाही. फिल्म मात्र इतकी पातळ की ती काढायची राहिली आणि वर पुढचा थर बसला तर कळतही नाही, आणि भट्टीतून निघाल्यावर ते दोन थर एकमेकांना धरत नाहीत. म्हणून काढलेली प्रत्येक फिल्म टेबलाशेजारच्या खिळ्यावर टोचायची आणि शेवटी मोजायची. जितके थर तितक्या फिल्म.

कापड बनवणाऱ्या कंपनीचा माणूस, त्याला आम्ही कापडवाले म्हणतो, तो म्हणाला, आम्ही याच्यासाठी सह्यांचे चार कागद भरून घेतो आणि तरी चुका होतात. सरांनी तिथल्या तिथे खिळा ठोकून घेतला. त्यावर पाटीसुद्धा लावली आहे. पाटीवर काय लिहिलंय ते आल्यावरच सांगेन, गंमत आहे.

१४ ऑक्टोबरला पाचही कंपन्या मिळून एक तक्ता करणार आहेत. कापड एकाचं, साचा एकाचा, भट्टी एकाची, आणि मोजणी आपल्या खिळ्यावर. पाचही ठिकाणचे साहेब बघायला येणार. म्हणून विचारते. सहा वर्षं मी तुम्हाला पाहिलंय, पण पाहणं वेगळं आणि चारचौघांना सांगणं वेगळं. मोजण्याखेरीज त्यात अजून काही आहे का? फिल्म टोचण्याआधी तुमचा हात क्षणभर थांबतो आणि अंगठा फिरतो. मला वाटायचं, बोटांचा चिकटपणा पुसता. तसंच ना? काही राहायला नको.

धाकटी

२८ सप्टेंबर

धाकटीस,

तुझ्या बातमीआधीच तुझा फोटो इथे पोहोचला. केंद्राचं पत्रक जेवणाच्या हॉलबाहेर लावलंय. खिळ्याशेजारी तू उभी, हात असा वर केलेला, जणू खिळा आत्ताच तुझ्या बोटातून उगवला. खाली लिहिलंय, पाच कंपन्यांनी स्वीकारलेली नवी पद्धत. चहाच्या वेळेला भट्टीवरचे दोघे मला विचारत होते, तुमच्या जाऊबाईंना हे सुचलं कसं. मी म्हटलं, हुशारच आहे ती पहिल्यापासून.

तो "आपला" खिळा मी ठोकला तेव्हा तू शाळेत होतीस. हातोडी कुणी देईना, म्हणून चपलेच्या टाचेने ठोकला. तेव्हाच्या सुपरवायझरने भिंत खराब केली म्हणून ओरडाही दिला होता. ते त्या पत्रकात नाही. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. पाटीची गंमत तू आल्यावर सांगू नकोस. त्यावर काय असेल ते न कळायला मी कुक्कुलं बाळ नाही.

अंगठ्याचं विचारलंस. चिकटपणाच पुसते. त्यात दुसरं काही नाही. मोजायचं, एवढंच आहे. जितके थर तितक्या फिल्म.

सासूबाई म्हणत होत्या, तू शिवून दिलेली उशीची खोळ उसवली. तुझ्या घाईचं काम असंच, असं म्हणाल्या. तक्त्याला माझ्या शुभेच्छा.

थोरली

१६ ऑक्टोबर

ताई,

तक्ता वाया गेला.

चोवीस थर होते. माणसं जास्त, वेळ कमी, साहेब लोक काचेपलीकडे उभे. कापड पुरतं उबदार झालेलं नव्हतं हे मला हाताला कळत होतं, पण ज्याचं कापड तोच म्हणाला चालेल, आणि मी थांबवलं नाही. खिळ्यापाशी मी होते. शेवटी मोजलं, चोवीस थर, चोवीस फिल्म. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भट्टीतून निघाल्यावर तपासणीच्या मशीनने मधोमध एक डाग दाखवला. तिथे कापून पाहिलं तर सतराव्या आणि अठराव्या थरांच्या मध्ये फिल्मचा अंगठ्याएवढा तुकडा वितळून बसलेला.

मग सरांनी खिळ्यावरच्या फिल्म एकेक करून काढल्या. सतरावीचा एक कोपरा नव्हता.

त्या क्षणी मला तुमचा अंगठा दिसला, ताई. एक, दोन, तीन, चार. तुम्ही पुसत नाही काही, कोपरे मोजता. सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर मोजत होतात. कापडवाल्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या जाऊबाई कोपरे बघत नाहीत का?" मी म्हटलं, बघतात. त्यांनी मला सांगितलंही होतं. मीच विसरले.

तुमच्याही लक्षात आलं नसेल लिहायचं. हाताला इतकी सवय झाली की तोंडाला सांगता येत नाही, असं होतं. पण तुमच्याकडून ते सांगायचं राहिलं असं मी तिथे खुलं सांगितलं असतं तर ती माणसं म्हणाली असती की पद्धतच कच्ची आहे, आणि पाटी उतरवली असती. पाटीवर "थोरलीचा खिळा" असं लिहिलंय. पहिल्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आलेय की हे माझ्या मोठ्या जाऊबाईंचं आहे. पत्रकवाल्यांनी ते छापलं नाही, त्यांना फोटोला माणूस हवा होता.

माझा रिपोर्ट आपल्या साहेबांकडे गेलाय. सूचना ध्यानात ठेवत नाही, असं त्यात आहे. बिल्ल्याचं आता काही खरं दिसत नाही. सतरावी फिल्म सर टाकून देत होते, मी मागून घेतली. सोबत पाठवतेय. तुमच्या खिळ्याची आहे, तुमच्याकडे असू द्या.

धाकटी

२३ ऑक्टोबर

धाकटे,

हे पत्र नीट बसून वाच.

तुझं पाकीट आलं त्याच दिवशी सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. खुर्ची दिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, केंद्राचा रिपोर्ट बरा नाही, प्रशिक्षकाची जागा तुम्हालाच द्यावी असं मनात आहे. मी टेबलावर परत आले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. दिवसभर मी खूश होते. हे लिहायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. तुझा तक्ता बिघडला हे कळूनही मी खूश होते. पॅकिंगच्या मावशींना मी स्वतःहून रोलर धरायला शिकवला, इतकी खूश होते.

घरी येऊन पाकीट फोडलं. पत्र वाचायच्या आधी फिल्म मांडीवर पडली. मी ती उचलली आणि अंगठा आपोआप फिरला. एक, दोन, तीन. चौथ्यापाशी काही नव्हतं.

मी विसरले नव्हते. मुद्दाम लिहिलं नाही. तू विचारलंस तेव्हा मला पक्कं माहीत होतं, की फिल्म फाटते ती कोपऱ्यात, आणि कापड अर्धवट गार असेल तर हमखास. मोजणी बरोबर येते आणि टोक आत राहतं. पंधरा वर्षांपूर्वी हे माझ्याच हातून झालंय. भट्टीत घालायच्या आधी खिळ्याकडे नजर गेली म्हणून वाचले. शिफ्ट संपल्यावर एकटीने अकरा थर उलटे सोडवले आणि टोक शोधून काढलं. कुणाला कळू दिलं नाही. त्या दिवसापासून अंगठा फिरतो. तुला मी सगळं शिकवलं, एवढं सोडून. हे एक माझ्याजवळ असावं असं वाटायचं. तू माझ्याइतकी झालीस तरी एवढ्यापुरती मागे राहशील असं वाटायचं.

आणि मग तो फोटो पाहिला. माझ्या पोटात इतकं दुखलं, धाकटे, की मी ते पत्र एका दमात लिहिलं आणि टपालपेटीत टाकूनच परत फिरले, वाटेत मन बदलायला नको म्हणून. पाटीवर तुझंच नाव असणार असं मी धरून चालले होते.

दोन दिवस गप्प बसून पाहिलं. गप्प बसले तर जागा माझी होती. बिल्ला कुठल्या खिशाला लावायचा तेसुद्धा ठरवून झालं. पण जेवणाचं ताट समोर आलं की फिल्मकडे लक्ष जायचं, ती मी आरशाच्या कडेला खोचली होती. या पत्रात वर लिहिलंय ते सगळं आज सकाळी जसंच्या तसं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. तुझ्या सरांनाही हे पत्र दाखव. सगळ्यांसमोर वाचलंस तरी चालेल. पाटी उतरवायला सांग.

सासूबाईंचंही खोटं लिहिलं होतं. तू गेल्यापासून त्या सकाळी उठतात ते तुझं नाव घेत. धाकटी असती तर उशी नीट ठेवली असती, धाकटीचा चहा वेगळाच होता, धाकटीचा हात गुडघ्याला लागला की निम्मं दुखणं जातं. खोळ उसवलेली नाही. सतरा वर्षांत माझ्याबद्दल यातलं एक वाक्य मी ऐकलेलं नाही.

थोरली

३० ऑक्टोबर

ताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी वर्गात गेले नाही. बोटवालीला सांगितलं, डोकं दुखतंय.

मला राग आलाय. लिहून कमी होईल म्हणून लिहितेय. पाच साहेब, चाळीस माणसं, आणि मी काचेसमोर उभी राहून म्हणतेय मी विसरले. तुमचं नाव सांभाळायला मी खोटं बोलले, आणि तुम्ही घरी फोटोकडे बघून दात खात होतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून गप्प बसावं तर बसवत नाही. तो तक्ता नमुन्याचा होता म्हणून कापला गेला. एखाद्या दवाखान्यात गेला असता तर त्यावर कुणीतरी झोपलं असतं, ताई. हे तुम्हाला मी सांगायचं?

केबिनमध्ये काय झालं ते समोर बसून सांगणार होते. आता इथेच सांगते. साहेबांनी विचारलं, दोघींपैकी कुणाला पाठवू. मी म्हटलं, ताईंना. त्यावर ते म्हणाले, "हात तिचाच चांगला आहे, पण ती हातचं राखून शिकवते. तिथे जाऊन शिकेल, परत येऊन कुणाला देणार नाही." मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, मला तर सगळं दिलं. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला लागेल, म्हणून दोन महिने पोटात ठेवलं. आता कळलं की साहेब बरोबर होते आणि मी चुकीची होते. सगळ्यात जास्त राग त्याचा आहे.

काल पत्र वर्गात वाचलं. सासूबाईंपर्यंत सगळं. कुणी हसलं नाही. कापडवाल्यांनी खिळ्यावरची एक फिल्म काढून उजेडाला धरली. मग म्हणाले, चूक आमचीही आहे, फिल्म आम्ही पारदर्शक कशाला ठेवतो. आता ते चारही कडांना लाल रेघ छापून नमुन्याचा रोल करणार आहेत. कोपरा तुटला की रेघ तुटलेली दिसेल, कुणालाही, चार पावलांवरून. म्हणजे मग तुमच्या अंगठ्याची कुणाला गरज राहणार नाही. हे लिहिताना मला थोडं बरं वाटलं, खोटं का बोलू.

पाटी सरांनी उतरवली नाही. खाली खडूने लिहिलं, चारही कोपरे पाहावेत. रोल जानेवारीत येईल, तेव्हा तुम्ही पंधरा दिवस इथे येऊन शिकवावं असं पत्र ते पाठवणार आहेत. या किंवा नका येऊ. मी अजून रागात आहे.

धाकटी

८ नोव्हेंबर

धाकटे,

रागात राहा. मी समजूत घालणार नाही.

साहेबांनी जे म्हटलं ते वाचून मी आधी त्यांना शिव्या घातल्या, मग तुला. त्यांना खोटं पाडायला एखादी गोष्ट आठवून पाहिली. सतरा वर्षांतली एकही आठवेना. चपलेने खिळा ठोकला हे मी शंभर वेळा सांगितलंय, कोपऱ्यांचं एकदाही नाही.

सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना तीन नंबरच्या टेबलाशी बोलावलं. तुझी सतरावी फिल्म हातात धरली आणि कोपरे कसे बघायचे ते दाखवलं. अकरा थर सोडवल्याचंही सांगितलं. भट्टीवरचे दोघे म्हणाले, एवढंच होय. हो, एवढंच. पंधरा वर्षं दडवून ठेवलं आणि सांगायला पाव मिनिट लागलं. मग ती फिल्म मी खिळ्यावर अगदी आत, भिंतीला लागून टोचली. ती तिथेच राहील. मोजताना तिला धरायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलंय.

बिल्ला तुझाच. साहेबांनी परवा सही केली. मी तिथे उभी होते आणि मला वाईट वाटलं, तेही लिहून ठेवते. चांगली माणसं अशा वेळी मोठ्या मनाची होतात असं ऐकलंय. माझं अजून झालेलं नाही.

लाल रेघेचं वाचून दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, धाकटी असती तर घरात आवाज असता.

जानेवारीत जाईन.

थोरली

१२ जानेवारी

ताई,

आता मी घरी आणि तुम्ही त्या खोलीत. खिडकीतली अर्धी होडी आहे का अजून? बोटवाली तुमच्या वर्गात पुन्हा आलीय असं कळलं. तिच्यासमोर शिंकू नका.

तीन नंबरवर मी शिकवते. मावशींचा रोलर सुधारलाय, तुम्ही शिकवून ठेवला होतात म्हणे, खूश होतात त्या दिवशी. मला अजून राग येतो, पण रोज नाही. मंगळवारी आला होता. फिल्म टोचताना भिंतीपाशी ती सतरावी दिसली की येतो.

पण आज लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तुम्ही गेलात त्या संध्याकाळपासून सासूबाईंनी सुरू केलंय. थोरली असती तर दार असं आपटलं नसतं. थोरलीला गुडघा न सांगता कळतो. थोरलीने सतरा वर्षांत एकदा उलट शब्द काढला नाही. मी समोर बसून त्यांच्या पायाला औषध चोळतेय आणि त्या हे सगळं मला सांगताहेत. बिल्ला दाखवला तर म्हणाल्या, "थोरलीने शिकवलं म्हणून मिळाला."

घरात असलेली सून त्यांना दिसतच नाही, ताई. दोघीही इतकी वर्षं फुकट जळलो.

धाकटी

१७ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सासूबाईंचा भाग तीनदा. "न सांगता कळतो" हे त्यांचेच शब्द आहेत का, की तू घातलेस? नक्की कळव.

होडी आहे. तुझीच खाट मिळालीय. पाटीही पाहिली. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे बघायचं टाळलं, दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी नसताना जाऊन पाहिली.

आज नमुन्याचा रोल आला. कापडवाले स्वतः घेऊन आले. कापड उबदार व्हायला दोन तास थांबले, कुणी घाई केली नाही. लाल रेघ खरंच चार पावलांवरून दिसते. सुंदर दिसते. मला ती अजिबात आवडली नाही. पहिला थर मी लावला, फिल्म ओढली, रेघ चारी बाजूंनी अखंड होती. आता नुसतं बघायचं आणि टोचायचं, एवढंच उरलं होतं. माझा अंगठा तरी फिरला. सवय. मला स्वतःचीच लाज वाटली, म्हणून मी हात मागे घेतला आणि दुसरा थर बोटवालीला लावायला दिला.

तिने फिल्म ओढली, रेघेकडे पाहिलं आणि कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. तिच्यानंतरच्या माणसानेही. चोवीस थर, चोवीस माणसं, पाच कंपन्यांची. मी मोजत होते. एकानेही अंगठा फिरवल्याशिवाय फिल्म खिळ्याला लावली नाही. शेवटची कापडवाल्यांनी लावली, ज्यांची रेघ आहे त्यांनी. मी त्यांना म्हटलं, आता याची गरज नाही ना. ते म्हणाले, "असू द्या हो."

मग मला चष्मा पुसावा लागला. मला चष्मा नाही. सरांचा घेतला, कपाळावरून.

हे सगळं तुझ्यासमोर व्हायला हवं होतं असं मला वाटेल, असं मला वाटलं होतं. तसं वाटलं नाही. तू इथे नव्हतीस आणि हे मी एकटीने पाहिलं, याचं मला फार बरं वाटतंय. रविवारी फोन मिळेल, तेव्हा घरातले चारही जण ऐकत असताना तुला पुन्हा सांगणार आहे, अगदी पहिल्यापासून. तोवर थोडं तूही जळ.

थोरली